स्वीडिश मीटबॉल्स घरी करताना: खिमा, भिजवलेला ब्रेड आणि क्रीमचा ब्राउन सॉस

कोफ्ते आणि कबाब करायची सवय असलेल्या हाताला स्वीडिश मीटबॉलचं मिश्रण चुकलेलंच वाटतं. ते सैल असतं, हाताला चिकटतं, आणि त्यात आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर, गरम मसाला यांपैकी काहीच नसतं. मग सवयीने दोन चमचे ब्रेडचा चुरा जास्त पडतो, थोडा लसूण जातो, गोळे दाबून घट्ट वळले जातात आणि शेवटी सॉसमध्ये सोडून उकळले जातात. होतं ते खाण्याजोगं असतं, पण स्वीडनच्या घरात ज्याला शॉटबुल्लार म्हणतात ते हे नव्हे. तिथला गोळा काट्याच्या कडेने सहज तुटतो, बाहेरून लोण्यात खरपूस झालेला असतो, आणि चव मांसाची, कांद्याची आणि तपकिरी लोण्याची असते. मसाला मागे कुठेतरी असतो. म्हणून या पदार्थात काय घालायचं याच्याइतकंच काय घालायचं नाही हेही पाळावं लागतं.

मूळ कुठलं, यावर स्वीडिश लोकांतच अधूनमधून वाद रंगतो. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स 1709 मध्ये रशियाविरुद्धच्या पोल्ताव्हाच्या लढाईत हरला आणि पुढची काही वर्षं ऑटोमन (तुर्की) साम्राज्याच्या आश्रयाला राहिला. येताना त्याने ही कृती आणली, असं स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्याने 2018 मध्ये लिहिलं आणि बराच गदारोळ झाला. त्याला कागदोपत्री आधार फारसा नाही. स्वीडिश लेखिका काइसा वार्ग यांच्या 1755 सालच्या पाककृतींच्या पुस्तकात मीटबॉल्स आहेत, एवढं मात्र खरं. जगभर त्यांची ओळख झाली ती आयकिया या स्वीडिश फर्निचरच्या दुकानांमुळे. त्या दुकानांतल्या उपाहारगृहांत ते 1985 पासून मिळतात. हैदराबाद आणि नवी मुंबईच्या दुकानांत मात्र चिकनचे आणि शाकाहारी गोळे असतात. मूळ चव हवी असेल तर घरीच करावं लागतं.

साहित्य: चार जणांसाठी, सुमारे 40 गोळे

गोळ्यांसाठी:
- खिमा 500 ग्रॅम (निम्मा बीफ, निम्मा पोर्क, पर्याय पुढे दिले आहेत)
- कोरडा, बिनगोड ब्रेडचा चुरा 45 ग्रॅम (पाऊण डेसिलिटर)
- दूध 150 मिली, किंवा 100 मिली दूध आणि 50 मिली क्रीम
- कांदा 1 लहान, सोलून 80 ग्रॅम
- अंडं 1
- बारीक मीठ 8 ते 9 ग्रॅम (दीड सपाट चहाचा चमचा)
- ऑलस्पाइसची पूड अर्धा चहाचा चमचा
- पांढऱ्या मिरीची पूड पाव चहाचा चमचा
- तळायला बिनमिठाचं बटर 40 ग्रॅम आणि तेल 1 मोठा चमचा

सॉससाठी:
- बटर 30 ग्रॅम, मैदा 30 ग्रॅम
- बीफ किंवा चिकनचा स्टॉक 400 मिली
- क्रीम 150 मिली
- डार्क सोया सॉस 1 ते 2 चहाचे चमचे
- लिंगनबेरीचा (स्वीडनच्या जंगलातली आंबट लाल बेरी) जॅम किंवा काळ्या मनुकाबेरीची (ब्लॅककरंट) जेली 1 चहाचा चमचा
- पांढरी मिरी चिमूटभर, मीठ शेवटी चव पाहून

सोबत: 1 किलो बटाट्यांचं मॅश, दाबलेली काकडी, लिंगनबेरी.

स्वीडनमध्ये राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथल्या पाकिटांवर आणि पाककृतींत मापं डेसिलिटरमध्ये असतात. 1 डेसिलिटर म्हणजे 100 मिली. एमएसके म्हणजे 15 मिलीचा मोठा चमचा, टीएसके 5 मिलीचा, आणि केआरएम फक्त 1 मिलीचा. मसाल्यांची मापं बहुधा या केआरएममध्येच असतात. त्याला आपला चहाचा चमचा समजलं तर ऑलस्पाइस पाचपट पडतो आणि गोळ्यांना लवंगेचा वास मारतो.

खिमा

स्वीडनमध्ये आयका, कोप किंवा विलीस या सुपरमार्केटमध्ये 'ब्लांडफॅर्स' नावाने बीफ-पोर्कचा मिश्र खिमा तयार मिळतो. तोच घ्या. बीफमुळे चव येते, पोर्कच्या चरबीमुळे मऊपणा. प्रमाण प्रांताप्रमाणे बदलतं: दक्षिणेकडे स्कोनेत पोर्क जास्त, उत्तरेकडे जावं तसं बीफ वाढत जातं, आणि शिकारीच्या हंगामात एल्कचा खिमाही वापरला जातो. एकूण चरबी 15 ते 20 टक्के असावी. पाच-सात टक्क्यांचा 'लीन' खिमा घेतला तर पुढचं सगळं नीट करूनही गोळा कोरडा लागतो.

महाराष्ट्रात 2015 च्या कायद्यानंतर गाय, बैल, वळू यांचं मांस मिळत नाही. मिळतं ते म्हशीचं. ते गडद रंगाचं आणि कमी चरबीचं असतं, त्यामुळे निम्म्या पोर्कबरोबरच चांगलं लागतं. पोर्कचा खिमा मुंबईत वांद्र्याकडे, वसईत, पुण्याच्या कॅम्पात आणि गोव्यात 'कोल्ड स्टोरेज'च्या दुकानांतून सांगून काढून मिळतो. खांद्याचं मांस मागा आणि चरबी काढू नका म्हणून सांगा.

चिकनचे करायचे तर मांडीचा खिमा घ्या. छातीच्या मांसाचे गोळे घट्ट आणि पिठूळ होतात. चिकनला दूध 150 ऐवजी 100 मिली पुरतं, आणि 20 ग्रॅम थंडगार बटर किसून खिम्यात मिसळलं तर पोर्कच्या चरबीची उणीव बरीच भरून निघते. मटणाचा खिमा चालतो, पण त्याच्या वासापुढे ऑलस्पाइस आणि लोणं दोन्ही हरतात. तो मग वेगळाच पदार्थ होतो, वाईट नसला तरी.

खिमा धुवायचा नाही, ही सूचना आपल्याकडे मुद्दाम द्यावी लागते. धुतलेल्या खिम्यातून पाणी निथळत राहतं, प्रथिनं वाहून जातात आणि गोळा तव्यावर फुटतो. मांस अख्खं असताना धुऊन, नीट टिपून मग खिमा करून घ्या.

ऑलस्पाइस

हा एकाच झाडाच्या वाळवलेल्या फळांचा मसाला आहे. मिश्रण नव्हे. त्याला लवंग, दालचिनी, जायफळ आणि मिरीची मिळून आठवण येईल असा वास असतो. भारतात काही दुकानदार त्याला कबाबचिनी म्हणतात. खरी कबाबचिनी म्हणजे मिरीच्या कुळातली, मागे शेपटीसारखा देठ असलेली फळं. ती कडवट आणि कापरासारखी लागते, ती नको. ऑलस्पाइसचा दाणा मिरीपेक्षा थोडा मोठा, तपकिरी, बिनदेठाचा असतो. कोकणात काही बागांत हे झाड असतं, पण तिथे पुलावात वापरतात ती पानं. इथे वाळलेली फळंच हवीत. अख्खे दाणे आणून ऐन वेळी कुटले तर अर्धा चमचा पुरतो.

मिळालंच नाही तर पाव चमचा मिरी, एक लवंग आणि दालचिनीचा अगदी छोटा तुकडा एकत्र कुटून त्यातली अर्धा चमचा पूड घ्या. गरम मसाला मात्र नाही, धने-जिऱ्याने सगळी दिशाच बदलते. अमेरिकी पाककृतींत जायफळ सर्रास दिसतं. स्वीडिश घरांत ते गोळ्यांत सहसा पडत नाही.

आधी ब्रेड भिजवा

एका मोठ्या भांड्यात ब्रेडचा चुरा घ्या, त्यावर दूध ओता, ढवळा आणि 10 मिनिटं विसरा. चुरा दूध पूर्ण पिऊन घट्टसर लगदा व्हायला हवा. गोळा मऊ राहतो तो याच लगद्यामुळे. खिमा तापला की त्यातली प्रथिनं आकसून एकमेकांना घट्ट धरतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. भिजलेला ब्रेड त्यांच्या मध्ये बसतो, त्यांना पूर्ण एकवटू देत नाही आणि सुटलेलं पाणी स्वतः धरून ठेवतो. कोरडा चुरा थेट खिम्यात घातला तर उलट होतं: तो मांसातलंच पाणी ओढतो. मीटबॉल रबरासारखे झाले अशी तक्रार जिथे असते तिथे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

तयार चुरा नसेल तर शिळे लादीपाव उत्तम. दोन पाव म्हणजे साधारण 70 ते 80 ग्रॅम. ताज्या-शिळ्या पावात मुळातच पाणी असल्याने वजन जास्त आणि दूध थोडं कमी, 120 मिली. वरची तपकिरी कड काढा, नाहीतर तिचे चिवट तुकडे मिश्रणात तसेच राहतात. गोड स्लाइस ब्रेड, दुधाचे गोड टोस्ट आणि खारी टाळा. गोडामुळे गोळे शिजायच्या आत काळे पडतात.

कांदा

कांदा जितका बारीक चिरता येईल तितका चिरा; 2 ते 3 मिलिमीटरचा तुकडा मोठाच समजा. एक चमचा बटरवर मंद आचेवर 8 ते 10 मिनिटं परता. पारदर्शक आणि मऊ व्हावा, रंग फार तर फिकट सोनेरी. बिर्याणीच्या कांद्यासारखा तळायचा नाही. मग ताटलीत पसरून पूर्ण थंड करा. गरम कांदा खिम्यात गेला तर चरबी वितळायला लागते आणि मिश्रण तेलकट, सैल होतं.

बरीच स्वीडिश कुटुंबं कच्चा कांदा किसून घालतात. तेही चालतं, चव जरा तिखटसर येते. फक्त किसलेला कांदा पिळू नका, त्याचा रस ब्रेडच्या लगद्यातच जाऊ द्या आणि दूध 30 मिली कमी करा. कच्चा चिरलेला कांदा मात्र नको. त्याचे तुकडे शिजताना पाणी सोडतात, गोळ्याला भेगा पाडतात, आणि बाहेर आलेले कण तव्यावर जळून सॉस कडू करतात.

मिसळणं आणि चाखणं

खिमा फ्रिजमधून काढल्या काढल्या वापरा. मुंबईच्या मे महिन्यात तर भांडंही 15 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलेलं बरं. आधी खिमा आणि मीठ हाताने अर्धा-पाऊण मिनिट कालवा. मिठाने मांसातली प्रथिनं थोडी सुटतात आणि चिकटपणा येतो. मग लगदा, कांदा, अंडं, ऑलस्पाइस, मिरी घालून आणखी दीड मिनिट. ब्रेडचे पांढरे पट्टे दिसेनासे झाले आणि मिश्रण भांड्याच्या कडेला चिकटायला लागलं की थांबा. पाच-सात मिनिटं मळत बसलात तर सॉसेजसारखा दाट, उसळी मारणारा पोत येतो. मिक्सरच्या भांड्यात फिरवलंत तरी तसाच.

मिश्रण थालीपिठाच्या पिठापेक्षा सैल आणि भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट दिसेल. या टप्प्यावर चुरा वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. झाकून 20 ते 30 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, ब्रेड उरलेलं पाणी ओढून घेतो आणि गोळे वळण्याइतकं घट्ट होतं.

सगळे गोळे वळण्याआधी एक छोटा गोळा तव्यावर तळून खा. कच्चा खिमा चाखता येत नाही, आणि 40 गोळे झाल्यावर मीठ घालता येत नाही. नमुन्याचा गोळा पसरला तर एक मोठा चमचा चुरा घालून 10 मिनिटं थांबा. घट्ट लागला तर दोन चमचे दूध. अळणी लागला तर मीठ, पण सॉस आणि स्टॉकचं मीठ अजून यायचं आहे हे लक्षात ठेवून. अमूलसारखं खारं बटर वापरत असाल तर सुरुवातीलाच मीठ 7 ग्रॅमवर आणा.

गोळे वळणं

लाकडी फळी किंवा मोठं ताट थंड पाण्याने ओलं करा. हातही ओले ठेवा. दर चार-पाच गोळ्यांनंतर पुन्हा बुडवा. तेलाचे हात नकोत, तेलाचा थर गोळ्याच्या घडीत अडकला की तिथे भेग पडते. एक गोळा 20 ग्रॅमचा, व्यास साधारण सव्वातीन सेंटिमीटर. पहिले तीन वजनकाट्यावर करा, पुढे हाताला अंदाज येतो. दोन्ही तळव्यांत हलकेच चार-पाच वेळा फिरवा, दाबू नका. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की झालं. ओल्या ताटात एकमेकांना न चिकटता मांडा.

ख्रिसमसच्या मेजवानीत, म्हणजे यूलबूर्डवर, हेच गोळे 10-12 ग्रॅमचे असतात आणि सॉसशिवाय येतात.

तळणं

बिडाचा तवा किंवा जाड बुडाचं 28 सेंटिमीटरचं पॅन हवं. नॉनस्टिक चालतं, पण त्यावर तळाशी तपकिरी थर धरत नाही, आणि सॉसची निम्मी चव त्या थरात असते.

मध्यमपेक्षा जरा जास्त आचेवर एक चमचा तेल आणि 20 ग्रॅम बटर घाला. बटर वितळतं, मोठा फेस येतो, तडतड सुरू होते. ही तडतड म्हणजे बटरमधलं पाणी उडत असल्याचा आवाज. तो मंदावला, फेस बारीक होऊन खाली बसू लागला आणि सुक्या मेव्यासारखा वास आला की गोळे सोडा. त्याआधी सोडले तर ते वाफेवर शिजून राखाडी होतात. उशीर झाला तर बटर काळं पडतं. घरचं लोणी वापरायचं असेल तर ताजं आणि आंबट नसलेलं घ्या. त्यात ताकाचा अंश राहतो आणि तो लवकर जळतो, म्हणून तेलाचं प्रमाण दुप्पट करा.

एका वेळी 18 ते 20 गोळे, मध्ये बोटभर जागा. पहिलं दीड मिनिट हात लावू नका. खालची बाजू धरली की गोळा आपोआप सुटतो. कालथ्याने ओढून सोडवावा लागला तर समजा अजून धरला नाही. मग पॅनचा दांडा धरून गोल गोल हलवा, गोळे घरंगळत सगळीकडून रंग घेतात. रंग आल्यावर आच मध्यम करा. एकूण 8 ते 10 मिनिटं. दोन-तीन बाजू चपट्या होणारच, तो दोष नाही. अगदी गोलाकार गोळे हवे असतील तर खोल तेलात तळावे लागतील, आणि मग तपकिरी बटरची चव गेली.

आत 70 अंश सेल्सिअस तापमान हवं. स्वीडनची अन्नसुरक्षा यंत्रणा खिम्यासाठी हेच सांगते. चिकनला 74. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात मोठा गोळा कापा: आत गुलाबी नको, रस पारदर्शक हवा. 80 अंशांच्या पुढे गेले की लगदा असूनही कोरडे पडायला लागतात.

झालेले गोळे भांड्यात काढून झाका. पॅनमध्ये अर्धा कप पाणी ओतून तळ खरवडा आणि ते तपकिरी पाणी वाटीत काढून ठेवा, सॉसला लागेल. पॅन पुसा, नवीन बटर, दुसरा घाणा. न पुसता दुसरा घाणा टाकला तर पहिल्याचे कण जळतात आणि ती कडू चव सॉसपर्यंत जाते.

दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक असेल तर तव्यापाशी तासभर उभं राहण्यापेक्षा ओव्हन बरा: 225 अंशांवर, बटर लावलेल्या ट्रेमध्ये 12 ते 15 मिनिटं, मध्ये एकदा ट्रे हलवून. रंग कमी येतो, आणि ट्रेच्या तळाशी जमलेला रस सॉसमध्ये घालायला विसरू नका.

क्रीमचा सॉस

शेवटच्या घाण्यानंतर पॅनमधली चरबी पाहा. तपकिरी असेल तर एक चमचा राहू द्या, काळी असेल तर टाकून द्या. 30 ग्रॅम बटर वितळवा, त्यात 30 ग्रॅम मैदा घालून मध्यम आचेवर 2-3 मिनिटं परता. मैद्याचा कच्चा वास जाऊन बिस्किटासारखा वास यावा, रंग फिकट बदामी व्हावा. जास्त भाजू नका. मैदा जितका काळसर, तितकी त्याची दाटपणा देण्याची ताकद कमी. सॉसचा तपकिरी रंग पॅनच्या तळातून आणि सोयातून आणायचा आहे.

पॅन आचेवरून खाली घ्या. वाटीतलं तपकिरी पाणी मोजून त्यात स्टॉक मिळवा, सगळं मिळून 400 मिली. हे तीन हप्त्यांत घाला. पहिल्या हप्त्यात मैदा घट्ट गोळा होतो आणि काहीतरी बिघडलंय असं वाटतं, बिघडलेलं नसतं. व्हिस्कने तो गोळा गुळगुळीत होईपर्यंत फेटा, मगच दुसरा हप्ता. एकदम सगळं ओतलं तर गुठळ्या होतात. झाल्याच तर गाळणीतून गाळा, मैदा वाढवत बसू नका.

पुन्हा आचेवर ठेवून मंद उकळीवर 5 मिनिटं. मग क्रीम घाला आणि आणखी 4-5 मिनिटं. एक चमचा सोया, जॅम, पांढरी मिरी घाला. चाखा. मग दुसरा चमचा सोया लागतो का ते ठरवा. सोया सॉस ही आशियाई जोड वाटली तरी स्वीडिश घरांत तपकिरी सॉसला रंग आणि खारटपणा द्यायला तो फार पूर्वीपासून रुळलेला आहे. जॅम गोडव्यासाठी नाही. सॉसमधला क्रीमचा जडपणा मोडायला आहे. म्हणून एकच चमचा.

दाटपणा पाहायला चमच्याच्या पाठीवरून बोट फिरवा. रेघ तशीच राहिली पाहिजे, पण सॉस ओघळता हवा. ताटात जाईपर्यंत तो आणखी दाट होतो, म्हणून आचेवर किंचित पातळच सोडा. फार दाट झाला तर स्टॉक, क्रीम नव्हे.

स्टॉक हळद-मसाल्याविना हवा. भारतात मिळणाऱ्या काही क्यूबमध्ये हळद आणि जिरं असतं, पाकिटामागचं वाचून घ्या. घरी करायचा तर भाजलेली हाडं, कांदा, गाजर, तमालपत्र आणि चार मिरीदाणे कुकरमध्ये 40 मिनिटं. क्यूब खारट असतो, म्हणून मीठ अगदी शेवटी.

क्रीमबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. स्वीडनमध्ये 36 ते 40 टक्के चरबीचं क्रीम आणि स्वयंपाकासाठीचं 15 टक्क्यांचं, अशी दोन्ही मिळतात. पहिलं जास्त चांगलं. भारतात पुठ्ठ्याच्या खोक्यातलं 25 टक्क्यांचं फ्रेश क्रीम चालतं, कारण सॉसमध्ये मैदा असल्याने ते सहसा फाटत नाही. तरी खळखळ उकळू देऊ नका. केकवर लावायचं 'नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम' मात्र अजिबात नको. ते वनस्पती तेलाचं आणि बहुधा गोड असतं, आणि त्याने सॉस खिरीकडे झुकतो. घरची साय वापरायची तर ताजी, दोन-तीन दिवसांत साठवलेली, थोड्या दुधाबरोबर फिरवून गाळलेली. जास्त फिरवली तर लोणी निघेल. दह्याचा विचार सोडून द्या.

सोबतीचं

काकडी सगळ्यात आधी करून ठेवा, तिला मुरायला तासभर हवा. एक मोठी काकडी सालीसकट चकत्यांत चिरा, चकती आरपार दिसेल इतकी पातळ. अर्धा चमचा मीठ लावून वर ताटली आणि ताटलीवर खलबत्ता ठेवा. अर्ध्या तासाने पाणी निथळून टाका. स्वीडिश कृतीत 12 टक्क्यांचं ॲटिका नावाचं व्हिनेगर असतं: 30 मिली ॲटिका, 100 मिली पाणी, 2 मोठे चमचे साखर. आपल्याकडचं व्हिनेगर 4-5 टक्क्यांचंच असल्याने तेच पाणी घातलं तर काकडी बेचव होते. 90 मिली व्हिनेगरला 40 मिली पाणी पुरे. साखर विरघळवून काकडीवर ओता, पांढरी मिरी आणि चिरलेली पार्स्ली घाला, फ्रिजमध्ये ठेवा.

मॅशसाठी जुने, साठवणीतले, पिठूळ बटाटे घ्या. नवे, पातळ सालीचे बटाटे चिकट होतात. सोलून, मोठे तुकडे करून मिठाच्या पाण्यात 20 मिनिटं शिजवा, पाणी काढून त्याच गरम पातेल्यात एक मिनिट कोरडे करा. चाळणीतून किंवा मॅशरने दाबा, मग 50 ग्रॅम बटर, मग 200 मिली गरम दूध थोडं थोडं. मिक्सर लावू नका, बटाट्याचा स्टार्च सुटून डिंकासारखा लगदा होतो.

लिंगनबेरी स्वीडनच्या जंगलात कुणालाही तोडता येते, आणि बरीच घरं ती न शिजवता करतात: 500 ग्रॅम बेरी, 200 ग्रॅम साखर, साखर विरघळेपर्यंत ढवळत राहायचं. बेरीत नैसर्गिक बेंझोइक आम्ल असल्याने ती फ्रिजमध्ये बराच काळ टिकते. भारतात आयकियाच्या खाद्यविभागात जॅमची बाटली मिळते. ती नसेल तर एप्रिल-मे महिन्यात करवंदं घ्या. काळी पिकलेली फार गोड असतात आणि हिरवी चिकाने भरलेली. गुलाबी-लालसर अर्धपिकी हवीत. 250 ग्रॅम करवंदं मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा म्हणजे चीक निघतो. मग दोन भाग करून बिया काढा आणि 120 ग्रॅम साखर व दोन चमचे पाण्याबरोबर 6-7 मिनिटं शिजवा. वेलची घालू नका. आंबटपणा आणि किंचित तुरटपणा लिंगनच्या बराच जवळ जातो, स्ट्रॉबेरी जॅमपेक्षा कितीतरी जास्त.

वाढताना मॅशचा ढीग, बाजूला आठ-दहा गोळे, त्यांवर सॉस, कडेला काकडी आणि लिंगनचा चमचा. गोळे सॉसमध्ये उकळत ठेवायचे नाहीत. ती अमेरिकेतली रीत आहे आणि तिथे खाली नूडल्सही असतात. सॉसमध्ये दहा मिनिटं राहिलेल्या गोळ्याचा खरपूस थर मऊ पडतो आणि एवढं तळल्याचा उपयोग राहत नाही. वाढेपर्यंत गार झाले असतील तर 120 अंशांच्या ओव्हनमध्ये झाकून ठेवा. मुलांसाठी स्वीडिश घरांत बरेचदा सॉसला फाटा देऊन मॅकरोनी आणि केचप असतं, आणि त्याबद्दल तिथे कुणाला वाईट वाटत नाही.

साठवण

तळलेले गोळे फ्रिजमध्ये 3 दिवस टिकतात. फ्रीझरमध्ये ठेवायचे तर पूर्ण गार करून ट्रेमध्ये सुटे गोठवा, मग पिशवीत भरा. 3 महिने चांगले राहतात. कच्चे गोळे गोठवू नका, वितळताना ब्रेडने धरलेलं पाणी सुटतं आणि ते बसतात. गोठवलेले गोळे रात्रभर फ्रिजमध्ये सोडवून थोड्या बटरवर झाकून गरम करा. सॉस गोठवला तर फुटल्यासारखा दिसतो, पण मंद आचेवर चमचाभर दूध घालून फेटला की जुळून येतो.

उरलेल्या थंड गोळ्यांचं सँडविच स्वीडिश लोकांना गरम जेवणाइतकंच प्रिय आहे. राईच्या ब्रेडला बटर, त्यावर सॅलडचं पान, मग बीटचं सॅलड: व्हिनेगरमधलं बीट 200 ग्रॅम बारीक चिरून, पाणी निथळून, 3 मोठे चमचे मेयोनीज आणि अर्ध्या आंबट सफरचंदाचे तुकडे. वर अर्धे कापलेले गोळे, कापलेली बाजू खाली, म्हणजे घरंगळत नाहीत.